तिसरा रकाना

साल 1937. पावसाळा सरला आहे, खाम नदीत मात्र अजून पाणी आहे. लासूरला तुम्ही पहाटेच्या मीटरगेज गाडीत चढलात आणि आता औरंगाबाद स्टेशनावर उतरताय. पत्र्याची ट्रंक, वळकटी, आईनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी, कनवटीला निजाम सरकारचे हाली रुपये. टांगेवाला विचारतो, “कां जाना जी? कालिज?” तुम्ही मान हलवता. पैठण दरवाजाकडून टांगा शहरात शिरतो. गुलमंडीवर दुकानांच्या फळ्या निघत असतात, कुणी उर्दूत भाव सांगतो, कुणी मराठीत घासाघीस करतो, आणि कुणालाच त्यात वेगळं काही वाटत नाही.

तुम्ही सतरा वर्षांचे आहात. पहिल्या इयत्ता गावच्या शाळेत मराठीतून झाल्या. मग शाळेची भाषा बदलली. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, शास्त्रही उर्दूत. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. त्याच्या आदल्या वर्षी पाठ्यपुस्तकांसाठी भाषांतराचं खास खातं निघालं होतं, आणि त्या खात्यात पंडित-मौलवी एकेका शास्त्रीय संज्ञेवर तासन्‌तास वाद घालत. त्यांनी ठरवलेले शब्द आता तुमच्या तोंडात आहेत. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, काटकोन म्हणजे जाविया कायमा, वनस्पतिशास्त्र म्हणजे नबातियात. तुम्हाला ते जड जात नाहीत, कारण विषय आणि शब्द एकदमच डोक्यात आले. जड जातं ते घरी. दिवाळीत धाकटी बहीण विचारते, “दादा, कालिजात काय शिकतूस?” आणि तुम्ही गप्प बसता. सांगायला खूप असतं, मराठीत सांगता येत नाही.

इथं क्षणभर थांबून मला माझं मत सांगू द्या. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरांवर त्यांची नसलेली भाषा शिक्षणाची म्हणून लादली गेली, हा अन्याय होता. आणि इंग्रजीचा आधार न घेता पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा हिंदुस्थानी भाषेत शिकवता येतो, हे उस्मानियानं करून दाखवलं, ही फार मोठी गोष्ट होती. आपल्याकडे या दोहोंपैकी एकच आठवायची रीत पडली आहे. तुमच्या वाट्याला मात्र त्या सालात दोन्ही एकाच वेळी आल्या आहेत.

संध्याकाळ. इंटरमीजिएट कॉलेजच्या वाचनालयात तुम्ही बसला आहात. उस्मानियाच्या अभ्यासक्रमात इंग्रजी हा सक्तीचा विषय आहे आणि उद्याच्या धड्यात एक शब्द अडला आहे: रिफ्लेक्शन. ग्रंथपाल बोटानं कोपऱ्यातलं टेबल दाखवतात. त्यावर यंदाच छापून निघालेला जाडजूड ग्रंथ आहे, दीड हजारांहून अधिक पानांचा. द स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी. संपादक अब्दुल हक. प्रकाशनस्थळ: औरंगाबाद, दख्खन.

ते नाव पुन्हा वाचा. विसाव्या शतकातला उर्दूतला सर्वांत महत्त्वाचा इंग्रजी कोश लखनौ किंवा दिल्लीच्या नावानं निघालेला नाही. तो या शहराचा आहे. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था 1903 मध्ये स्थापन झाली. 1912 मध्ये अब्दुल हक तिचे सचिव झाले. ते तेव्हा निजामाच्या शिक्षण खात्यात होते आणि नेमणूक होती औरंगाबादेत, म्हणून 1913 मध्ये संस्थेचं दप्तरच इथं आलं. एका बदलीच्या नोकरीमुळे हे शहर वीसहून अधिक वर्षं साऱ्या हिंदुस्थानातल्या उर्दूच्या कामाचं केंद्र होऊन बसलं. ‘उर्दू’ हे त्रैमासिक 1921 मध्ये इथून निघालं, पुढे विज्ञानाचं नियतकालिकही निघालं. छापखाना आला, जुळारी आले, मुद्रितं तपासणारे आले. मौलवी साहेब, म्हणजे अब्दुल हक, 1930 पर्यंत तुमच्याच कॉलेजचे प्राचार्य होते. आता ते हैदराबादेत विद्यापीठात शिकवतात, अंजुमनही दिल्लीला हलण्याच्या वाटेवर आहे. पण कोश इथं, या टेबलावर, तुमच्यासमोर आहे.

उघडा. दोन्ही हात लागतात. आर शोधायचा तर ग्रंथाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात बोट घालायचं, मग पानांच्या माथ्यावरचे शब्द बघत पुढे-मागे करायचं. आर-ए. अजून पुढे. आर-ई-एफ. एफनंतर एल. या शोधात डोळ्यांची मोठी गंमत होते. इंग्रजी शब्द डावीकडून उजवीकडे वाचायचा, त्याच ओळीत पुढे उर्दू उजवीकडून डावीकडे धावत येते, आणि दोन्ही नजरा मधे कुठंतरी एकमेकींना भेटतात. वाटेत दहा शब्द उगीचच वाचले जातात. ज्याच्यासाठी आलो तो सापडेपर्यंत शेजारचे दोन-तीन लक्षात राहून जातात. कोश चाळणाऱ्याची खरी कमाई तीच, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

सापडला. एका शब्दाचे दोन-तीन वेगळे अर्थ आहेत. आरशात पडणारं ते एक, प्रकाशकिरण आदळून परततो ते दुसरं, माणूस मनाशी विचार करतो ते तिसरं. कोश हे क्रमानं लावून देतो, निवड तुम्हाला करायची असते. तुम्ही धड्यातलं वाक्य पुन्हा वाचता. तळं आहे, झाड आहे. म्हणजे पहिला अर्थ.

आता वही काढा. तुम्ही पट्टीनं तिच्यात तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात इंग्रजी शब्द जातो. दुसऱ्यात उर्दू: अक्स. पदार्थविज्ञानाच्या तासाला हाच शब्द किरणांबद्दल आला तेव्हा मास्तरांनी इनइकास सांगितलं होतं, तेही बाजूला लिहिता. तिसरा रकाना मराठीचा. तो भरायला कुणी शिकवलेलं नाही, त्यात काय लिहायचं ते परीक्षेत कुणी विचारणार नाही. तरी तो आखलेला आहे, कारण बहिणीला उत्तर द्यायचं आहे. बराच वेळ टाक हातात धरून तुम्ही बसता आणि शेवटी लिहिता: पाण्यात दिसतं ते.

तिसऱ्या रकान्यासाठी पुस्तकं आहेत, पण ती दूर आहेत. पुण्यात यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड 1932 पासून निघताहेत, सातवा पुढच्या वर्षी निघेल. नीळकंठ बाबाजी रानड्यांचा इंग्रजी-मराठी कोश तर वीस वर्षांपूर्वीच पुरा झाला. आणि तुम्हाला नेमकं जे हवं होतं ते बडोद्यात आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1931 मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापून घेतला. कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली. उर्दू आणि मराठी एकाच ओळीत, शेजारी शेजारी! तो ग्रंथ या टेबलावर असता तर तुमच्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

जुम्म्याच्या सुट्टीला वर्गातला एक मित्र तुम्हाला बीबी का मकबऱ्याकडे नेतो. तो शहागंजचा, घरची भाषा दख्खनी, तुमच्या मराठीवर हसत हसत ती उचलतो आणि अडेल तिथं उर्दू शब्द फोडून सांगतो. तुमचा पहिला कोश खरं तर तोच. बागेत शिरल्यावर तो एक घर दाखवतो. मौलवी साहेब औरंगाबादेत होते तेव्हा इथं राहत, बागेवर देखरेखही त्यांच्याकडेच होती. त्यांनी आपल्या काळातल्या माणसांची शब्दचित्रं लिहिली आहेत, त्यात मोठमोठे विद्वान आणि सुधारक आहेत, आणि त्यांच्या रांगेत या बागेतला एक माळी आहे. नामदेव. अस्पृश्य मानलेल्या जातीतला, निरक्षर, रोपांना लेकरांसारखं जपणारा, आणि मुलांच्या दुखण्याखुपण्यावर झाडपाल्याचं औषध ठाऊक असलेला. पाण्याचा दुष्काळ पडला तेव्हा त्यानं लांबून, मिळेल तिथून पाणी आणून झाडं जगवली. एके दिवशी मधमाश्या उठल्या, बाकीचे पळाले, तो कामात गढलेला राहिला आणि त्या डंखांनी गेला. आज भारतात आणि पाकिस्तानात उर्दू शिकणारी असंख्य मुलं पाठ्यपुस्तकात हा नामदेव माळी वाचतात. तो आपला, इथला, मराठी नावाचा माणूस आहे, हे आपल्या शहरात किती जणांना माहीत आहे? ज्या कोशकाराला रोज खिडकीतून असा माणूस दिसत होता त्याला भाषा कुठं राहते हे शिकवायची गरज नव्हती.

सुट्टीत गावी जा. ओसरीवर माणसं तुमची वाट बघत बसलेली असतील. तहसिलीतून आलेले उर्दू कागद त्यांनी महिनाभर उतरंडीत जपून ठेवले आहेत. कुणाची जमीन, कुणाची जप्ती, कुणाची तारीख. “वाच बाबा, काय म्हनतोय सरकार?” तुम्ही वाचता आणि मराठीत सांगता. वहीतला तिसरा रकाना तुम्ही इथं तोंडानं भरताय, एकामागून एक, न अडखळता. कारण मुद्दत, फिर्याद, दस्त हे शब्द त्यांचेही आहेत, फक्त लिपी त्यांची नाही. एका म्हाताऱ्याला कळतं की तारीख परवाच होऊन गेली. तो काही बोलत नाही, कागद घडी करून परत कनवटीला लावतो.

पान उलटा. नोव्हेंबर 1938. कॉलेजच्या वसतिगृहात प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी आली आणि मुलांनी संप पुकारला. औरंगाबादेत पेटलेलं हे लोण हैदराबादेत उस्मानियापर्यंत गेलं, शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी झाली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच पिढीचे, त्याच आंदोलनातले. नागपूर विद्यापीठानं अशा मुलांना प्रवेश दिला. तुम्ही ट्रंक उचलून नागपूरला जाता. मनात अभिमान आहे, आणि पहिल्याच तासाला धक्का बसतो. इथं सगळं इंग्रजीत चालतं. फळ्यावरची आकृती तुमच्या ओळखीची आहे, नियम पाठ आहे, उदाहरण क्षणात सुटतं. नाव तेवढं सांगता येत नाही. मुसल्लस म्हटलं तर वर्ग तुमच्याकडे बघतो. इतक्या वर्षांत दुसऱ्या रकान्यात जे काही कमावलं ते सगळं आता पहिल्या रकान्यात परत वाहून न्यायचं आहे, आणि इंग्रजी-उर्दू कोश उलट्या बाजूनं उघडत नाही. रात्री तुम्ही तीच वही मागून पुढे वाचायला लागता. या चळवळीचा इतिहास लिहिताना तुरुंगवास आणि निष्कासनं येतात, ती यावीतच. पण एका मुलाला त्रिकोण पुन्हा शिकावा लागला, हीसुद्धा त्यानं दिलेली किंमत होती.

त्यापुढची वर्षं भराभर मागे टाका. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची राजवट संपते. मौलवी अब्दुल हक फाळणीनंतर कराचीला जातात आणि 1961 मध्ये तिथंच वारतात. औरंगाबादेत 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कॉलेज सुरू होतं, माळरानावर नागसेनवन आकार घेतं, बीड-परभणीकडची पोरं, घरात पहिल्यांदाच अक्षर आलेली, तिथल्या वाचनालयात मान खाली घालून बसतात. याच सुमाराच्या वर्षांत बाबासाहेब स्वतः पाली शिकत होते, व्याकरण लिहीत होते आणि कोश रचत होते. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा सोळावा खंड 1998 मध्ये निघाला तो या पाली व्याकरण-कोशाचाच, आणि त्यात पाली शब्दांना इंग्रजी, मराठी, गुजराती, हिंदी अर्थ दिले आहेत. घटना लिहिणारा, डोळे अधू झालेला, प्रकृती ढासळलेला माणूस एकेका शब्दापुढे मराठी रकाना भरत बसला होता, हे मला त्यांच्या कितीतरी गाजलेल्या प्रसंगांइतकंच मोलाचं वाटतं.

आता 2006. डिसेंबर. या वेळी तुम्ही बाई आहात, वय एकोणतीस, गळ्यात गाईडचं ओळखपत्र. फर्दापूरच्या टी जंक्शनवर गाडी सोडून अजिंठ्याच्या बसनं चार किलोमीटर आत आला आहात आणि पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उभ्या आहात. अनवाणी पायांना दगड गार लागतो. उजेड मुद्दाम मंद ठेवला आहे. तुमच्यासोबत जपानहून आलेल्या आठ पाहुण्या आहेत. जपानचा आणि या लेण्यांचा संबंध जुना, श्रद्धेचा. त्यात 1992 आणि नंतर 2003 मध्ये जपाननं अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनासाठी कर्ज दिलं, त्यामुळे शहरात जपानी शिकणाऱ्या तुमच्यासारख्या काही जणांना काम मिळालं. तुम्ही संध्याकाळच्या वर्गात शिकलात, बोलता बऱ्यापैकी, वाचता थोडं.

सत्तरीच्या एक आजी छताकडे बोट दाखवून विचारतात. निळ्या रंगाबद्दल आहे एवढं कळतं. निळ्याला आओ म्हणतात हे तुम्हाला येतं, पण त्या वेगळंच म्हणताहेत: रुरी. तुम्ही मान तिरकी करता. “गाइदो-सान, चोत्तो,” म्हणत त्या पर्समधून पानाच्या डब्याएवढं एक यंत्र काढतात आणि उघडतात. वर करडा पडदा, खाली बारीक कळफलक. बाहेर येऊन ओट्यावर तुम्ही दोघी त्यावर वाकता.

कधी असं यंत्र हाताळलं नसेल तर आता नीट बघून घ्या, कारण त्याचा काळ छोटा होता. जपानमध्ये असा पहिला इलेक्ट्रॉनिक कोश शार्प कंपनीनं 1979 मध्ये आणला, त्यात थोडेच शब्द मावत. पुढे कॅसिओ, सेइको, शार्प यांच्यात चढाओढ लागली आणि 2006 पर्यंत एका मुठीत डझनावारी कोश बसू लागले. कोजिएनसारखा दोन लाखांहून अधिक नोंदींचा जपानी महाकोश, इंग्रजी-जपानी, जपानी-इंग्रजी, चिनी लिपीचा कोश, वर प्रवाशांसाठी वाक्यं. फोनची रेंज नको, इंटरनेट नको, दोन बारीक पेन्सिल सेलवर कित्येक आठवडे चालतं. लेण्यांच्या दरीत, जिथं 2006 मध्ये कुठलाच फोन धड लागत नाही, तिथं ते घरच्यासारखंच काम करतं.

आजी दोन अक्षरं दाबतात. रु. री. पडद्यावर खाली शब्दांची यादी सरकायला लागते, अजून अक्षर पुरं व्हायच्या आतच. रुरी. कोजिएनची नोंद उघडते, चित्राक्षरांची भिंत. त्या बाण फिरवून एका शब्दावर थांबतात आणि एक कळ दाबतात. तिला त्या ‘जाम्पु’ म्हणतात, म्हणजे उडी. एका कोशातल्या अर्थात अडलेला शब्द सरळ दुसऱ्या कोशात जाऊन शोधायचा, पहिला न मिटता. पडदा बदलतो आणि रोमन लिपीत येतं: लॅपिस लाझुली.

आता तुम्हाला लख्ख कळतं. प्रशिक्षणात शिकलेलं सगळं आठवतं. अजिंठ्याचे बाकीचे रंग जवळपासचेच, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. निळा मात्र इथला नाही. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलेला दगड, इथं कुटून, घोटून लावलेला, पाचव्या शतकात. तुम्ही जपानीत सांगता, अडलात की आजी पडदा पुढे करतात, तुम्ही इंग्रजी शब्द टाकता, त्या जपानी वाचतात. दोन माणसं आणि मधे इंग्रजी, जिच्यात दोघींपैकी कुणीच स्वप्न बघत नाही. नव्वद टक्के अर्थ पोहोचतो. आजींचे डोळे भरून येतात. त्यांच्या देवळांत याच नावाचा निळा रंग बुद्धाशी जोडलेला आहे, एवढं तुम्हाला समजतं.

तेवढ्यात मागून सिल्लोडकडच्या एका शाळेची सहल येते. मास्तर विचारतात, “ताई, हा निळा कशाचा असतो हो?” चाळीस मुलं तुमच्याकडे बघतात. तुमच्या तोंडात दोन शब्द तयार आहेत, एक जपानी आणि एक इंग्रजी, दोन्ही या मुलांच्या उपयोगाचे नाहीत. आजींच्या यंत्रात मराठी नाही. आयुर्वेदात या दगडाला राजावर्त म्हणतात, युनानी हकिमाच्या दुकानात लाजवर्द. शहागंजला लहानपणी ऐकलेला तो शब्द तुम्हाला पहिल्यांदा आठवतो. तुम्ही तो सांगता आणि लगेच पुढे जोडता, “अफगाणिस्तानातून उंटांवर आलेला निळा दगड. त्याची पूड.” मुलं पुन्हा वर बघतात, या वेळी जास्त वेळ.

संध्याकाळी शहरातल्या हॉटेलच्या दारात आजी ते यंत्र तुमच्या हातात ठेवतात. त्यांना नवं घ्यायचंच आहे, रंगीत पडद्याचं. तुम्ही नको नको म्हणता, त्या दोन्ही हातांनी पुढे करतात, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही.

रात्री घरी, मुलं झोपल्यावर, स्वयंपाकघराच्या दिव्याखाली तुम्ही ते उघडता. कळांवरची नावं जपानीत. एक कळ दाबली की आधी शोधलेल्या शब्दांची यादी येते. आजींनी ती पुसलेली नाही. उकळलेलं पाणी. तिखट. मकबरा. दान. उशीर होणे. एकटीने प्रवास. कृतज्ञ. क्रमानं वाचत गेलात की त्यांचा अख्खा दौरा उलगडतो, कुठं पोट बिघडलं, कुठं गाडी चुकली, कुठं काय बोलायचं होतं आणि शब्द नव्हता. छापील कोश कोण काय शोधून गेलं हे कधी सांगत नाही. हे यंत्र सांगतं. तुम्ही मुलाच्या जुन्या वहीतून मागची कोरी पानं फाडता आणि तीन उभे रकाने आखता: जपानी, इंग्रजी, मराठी. या रकान्यांचा तुमच्याआधी सत्तर वर्षं याच गावात कुणी वापर केला होता याची तुम्हाला कल्पना नाही. गरज तीच आहे, म्हणून रेघाही त्याच पडतात.

अशा यंत्रांची विक्री जपानमध्ये साधारण त्याच काळात शिगेला पोहोचली आणि मग फोनांनी ती खाल्ली. मे 2013 मध्ये गुगलच्या भाषांतर सेवेत मराठी आली. त्या दिवशी आपल्याकडे पेढे वाटायला हवे होते. कोटी-कोटी लोकांच्या भाषेला परक्या भाषेपर्यंत जाण्यासाठी पहिल्यांदाच कुणाच्या ओसरीवर थांबावं लागणार नव्हतं. अर्थ चुकायचे, वाक्यं वेडीवाकडी यायची, आजही येतात. पण तिसरा रकाना आता रिकामा सुरू होत नाही.

शेवटचा मुक्काम 2020. शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाडिवाट. रस्ता खराब, इंटरनेट बरं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं सप्टेंबर 2019 मध्ये मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? बहुतेकांनी जपानी निवडली. कारण साधं होतं, त्यांना रोबोट बनवायचे होते आणि रोबोट जपानमध्ये बनतात. पुस्तकं मिळेनात तेव्हा शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अॅप्स यांवरून सुरुवात केली. पुढे शहरातल्या एका भाषातज्ज्ञानं विनामूल्य तास घेतले, टाळेबंदीत ऑनलाइन. पण सगळ्यांकडे स्मार्टफोन नव्हते. म्हणून शाळेनं ‘विषय मित्र’ काढले. ज्याला तास ऐकायला मिळाला त्यानं तो बाकीच्यांना शिकवायचा.

तुम्ही त्यांच्यात मांडी घालून बसा. एका फोनभोवती पाच डोकी आहेत. फोन ज्याचा आहे तो मुलगा मोठ्या ऐटीत म्हणतो, रोबोट म्हणजे रोबोत्तो. हे सगळ्यांना आधीच माहीत आहे. बारीक वेणीची एक मुलगी, जिच्या घरी फोन नाही, पुढे सरकते.

“खुरपणी कर म्हणायचं असंल तर?”

“काय?”

“रोबोत्तोला. खुरपणी कर. आईचं कंबरडं मोडतं.”

मुलगा टाइप करतो. खुरपणीला फोन काहीतरी भलतंच दाखवतो. दुसरा म्हणतो, तण काढ असं लिही. तेही नीट येत नाही. मुलगी स्वतः फोन हातात घेते, तोंडातल्या तोंडात शब्द जुळवते आणि एकेक अक्षर दाबत लिहिते: गवत काढणे. पडद्यावर तीन जपानी अक्षरं येतात, ती बोट ठेवून आवाज ऐकवते. कुसातोरी. पाचही जण म्हणून बघतात, एकदा, दोनदा, मग ओरडून.

ती फोन शेजारच्याकडे देते. “आता तू इचार. कापूस येचणी.”